बॅकअप आणि वरवंटा

...आणि वर तो दुरुस्तीवाला मलाच विचारतो, 'काका, याला मारलंत कशानं?' अरे, कशानं म्हणजे? वरवंट्यानं! विधुराच्या घरात दुसरं हत्यार असतं काय? पण तुम्हाला सांगतो, मी शांत माणूस आहे. रोह्यात कुणालाही विचारा!

झालं असं, की आमची मिरियम जाऊन चौदा महिने झाले आणि तिची सगळी ईमेलं घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात. सात हजार! तिची बहीण नाओमी तिकडे इस्राएलला, लोदला. वीस वर्षं दोघींचं रोज लिहिणं चालायचं, आणि मी त्यातलं एकही वाचलं नाही. आता वाचू म्हणून बसलो, तर डबा करकर वाजायला लागला, भाताबरोबर खडा चावल्यासारखा. म्हणून पेणहून आकिबला बोलावलं, तो दुरुस्ती करतो. 'काका, हा कधी पण जाईल. बॅकअप घ्या. एका क्लिकचं काम हाय.'

एका क्लिकचं! नवी डिस्क आणली, जोडली, क्लिक केलं, तर पडद्यावर 'नऊ तास बाकी'. मग चौदा तास. मग चार मिनिटं. मग एकदम अकरा तास! अरे, तू यंत्र आहेस की एसटीचा चौकशी खिडकीवाला? तेव्हा तो माऊस भिंतीवर गेला. एकदाच. कीबोर्ड पेरूखाली कसा सापडला, मला ठाऊक नाही... मी शांत माणूस आहे.

दोन्ही नवे आणले, आणि शुक्रवारी सकाळी परत लावलं. दिवसभर पुढ्यात बसून राहिलो. जेवलो नाही, शिंकलोसुद्धा बाहेर जाऊन. संध्याकाळी सत्त्याण्णव टक्के! आणि दिवस बुडाला.

तुम्ही म्हणाल, बुडू दे. अहो, आम्ही ज्यू, शनिवार तेली! शुक्रवारी दिवस बुडाला की आमचा सुट्टीचा शनिवार सुरू, कामाला हात लावायचा नाही. वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं दिलेलं नाव. माझी स्वतःची श्रद्धा बेताचीच. पण तीस वर्षं, शुक्रवारी दिवस बुडाला की मिरियम आतून ओरडायची, 'बंद करा ते मेलं यंत्र!' आणि मी पुटपुटत उठून प्लग ओढायचो. आता ओरडायला कुणी नाही... पण ते हाताला कोण सांगणार? उठला हात. ओढला प्लग!

काळा पडदा. त्यात माझंच तोंड. मी शांतपणे स्वयंपाकघरात गेलो.

पहिला घाव पडद्यावर. दुसरा डब्यावर. मग मोजले नाहीत. पत्रा फाटला, हिरव्या पट्ट्या उडाल्या, पंखा कोपऱ्यात जाऊन पडला, त्यालाही तिथं गाठून ठेचला! कुंपणापलीकडून विमलबाई, 'ओ जोसेफभाव, काय हाय? चोर घुसला काय?'

'नाय हो, बॅकअप घेतोय!'

'घ्या बापडे, पण वाईच हळू घ्या. माझ्या म्हशीनं पान्हा चोरला!'

रविवारी आकिब आला. तुकडे चाळले. नव्या डिस्कवरची अर्धवट फाईल उघडेना. मी म्हटलं, 'प्लग ओढला रे, म्हणून सगळं गेलं.' तर म्हणतो, 'त्यानं काय नाय व्हत काका. जुन्यात सगळं शाबूत होतं. परत लावायचं, परत सुरू. गेलं ते वरवंट्यानं.'

वरवंटा हाताशीच होता. पण तुम्हाला सांगतो, मी शांत माणूस आहे. त्याला चहा दिला.

मग नाओमीला फोन लावला. वरवंट्यापर्यंत सगळं सांगितलं. 'भावजी, रडताय कशाला? तिनं लिहिलेलं माझ्याकडं नाय का सगळं? बहिणीचं लिहिलेलं कोण पुसून टाकतं हो? धाडते.'

धाडली. सातच्या सात हजार! पहिलं उघडलं: 'नाओमी, आज ह्यांनी मिक्सर आपटला. झाकण बसेना म्हणून.' दुसरं: 'आज ह्यांनी छत्री मोडली.' तिसऱ्यात मी माणसातच नाही!

आता रोज एकच उघडतो. अजून वीसेक वर्षं तरी शिव्या पुरायला हव्यात ना.