डाव्या नळीचा जोड

सून: हात लावू नका त्या बादलीला, अप्पा! दोन दिवस राखण करतेय मी तिची.

अप्पा: पोहण्याच्या तलावाच्या पायरीवर भरलेली बादली ठेवून बघतेस तरी काय? मासे सोडणार आहेस?

सून: उन्हाने बादलीतलं जेवढं आटेल, तेवढंच तलावातलं आटायला हवं. बरोबर? बादलीतलं जेमतेम नखभर उतरलंय. आता तलाव बघा. परवा पंप रात्रभर चालू होता, चार बोटं पाणी गेलं. काल पंप बंद होता, तर एकच बोट.

अप्पा: म्हणजे?

सून: म्हणजे तळ शाबूत आहे. तळ फुटला असता तर पंप चालू असो की बंद, पाणी सारखंच गेलं असतं. पंपातून तलावात पाणी परत आणणाऱ्या दोन नळ्या आहेत ना, त्यातल्या एकीत गळती आहे; पंप बंद असला की तिच्यातून थोडंच झिरपतं.

अप्पा: प्लंबर तर म्हणाला, तळाखाली आहे. वीस वर्षं तलावांचीच कामं करतोय तो माणूस. तू इस्पितळातली नर्स. कधी साधा नळाचा वॉशर तरी बदललायस?

सून: नाही.

अप्पा: मग? सोमवारी तो पंप काढून नेईल, मंगळवारी राडारोडा टाकून तलाव बुजवतील. तुझ्या नवऱ्याने ठरवलंय. गाडीला जागा होईल म्हणतो. होऊ दे.

सून: तुम्ही "होऊ दे" म्हणालात की मला धास्ती वाटते. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुमचा डावा पाय जमिनीवर फरफटतो, पण पाण्यात सरळ पडायचा. या डोळ्यांनी पाहिलंय मी. दोन महिने तलाव बंद आहे, तुमच्याकडे पोहणं शिकायला येणारी पोरं बंद आहेत, आणि तुम्ही खोलीबाहेर येता ते फक्त जेवायला.

अप्पा: आज आलो की.

सून: बादलीमुळे आलात. हे बघा, चार दिवस रजा टाकलीय. आज शुक्रवार. सोमवारपर्यंत हा तलाव माझा पेशंट.

अप्पा: आणि मी कोण?

सून: तुम्ही नातेवाईक. गडबड करायची नाही, सांगेन ते आणून द्यायचं.

०००

अप्पा: दंडापर्यंत भिजलीस की गं! दुपारची उन्हं डोक्यावर आणि काठावर पालथी पडून करतेस काय?

सून: भिंतीतल्या नळीच्या तोंडात रबरी बूच बसवलं. आता पलीकडच्या टोकाने, पंपघरातून, हवा भरायची. तुमच्या नातवाच्या सायकलचा पंप घेतलाय. हा काटा बघा, यावर हवेचा दाब कळतो. काटा जागेवर राहिला तर नळी धडधाकट, खाली आला तर आजारी.

अप्पा: ब्लडप्रेशर बघतेस म्हण ना सरळ.

सून: तेच. उजव्या नळीचं नॉर्मल आलंय. आता डावी. मारा पंप, अप्पा. उजव्या हाताने मारा... बास. काटा बघत राहा.

अप्पा: आहे जागेवर... आहे... ए, हलला! पडतोय गं! भराभर पडतोय!

सून: सापडला! डावीच आहे. हवा भरत राहा, थांबू नका!

अप्पा: अगं, पण नळी चांगली पंचवीस पावलं लांब आहे, सगळी जमिनीखाली. कुठे खणशील? आणि हे गळ्यात काय अडकवलंस? स्टेथोस्कोप?

सून: हवा कुठूनतरी सुटणारच. सुटली की आवाज होणार. चूप बसा जरा... इथे काही नाही. इथेही नाही... इथे तुमच्याच पंपाचा आवाज येतोय... अप्पा!

अप्पा: काय झालं?

सून: फुलझाडांच्या वाफ्याशी, कोपऱ्यात. सूं सूं करतंय! अगदी दम्याच्या पेशंटसारखं! या ना, ऐका. कानात घाला.

अप्पा: ...अरे देवा. खरंच की. खरंच की गं!

सून: फरशी काढायची पहार कुठेय?

अप्पा: मी आणतो.

सून: तुम्ही नको, पाय...

अप्पा: मी आणतो म्हटलं ना.

०००

सून: काल वीतभर खड्डा खणेपर्यंत अंधार पडला, म्हणून सकाळी सहालाच आले. हा बघा, सापडला अपराधी. नळी वळते तिथला एल्बो. जोडातून सुटलाय.

अप्पा: पाणी साचलंय खड्ड्यात.

सून: उपसते. मग दोन्ही बाजूंनी करवतीने कापायचं आणि नवा एल्बो चिकटवायचा. काल रात्री दुकानदाराने दोनदा समजावून सांगितलंय. आधी कोरडंच बसवून बघायचं, मग पुसायचं, सोल्युशन लावायचं, आत दाबून थोडं फिरवायचं आणि घट्ट धरायचं.

अप्पा: तीन एल्बो कशाला आणलेस?

सून: पहिल्याच टोचणीत शीर सापडते असं नाही, अप्पा.

अप्पा: लाव मग. मी आकडे मोजतो.

सून: लावलं... घातलं... फिरवलं... मोजा!

अप्पा: एक, दोन, तीन, चार... सूनबाई.

सून: मोजा हो!

अप्पा: त्याचं तोंड फाटकाकडे आहे. तलाव इकडे आहे.

सून: अगं आई गं! निघत नाहीये! चिकटला! इतक्यात कसा चिकटला?

अप्पा: फाटकातून तलाव सुरू करू या. रस्त्यावरचे लोक पोहतील.

सून: हसू नका! मला रडू येतंय. माझ्याच्याने नाही होणार हे. तो वीस वर्षंवाला खरा आणि मी येडी.

अप्पा: इकडे बघ. माझ्याकडे बघ. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जातंच. तेव्हा पोराला काठावर बसू दिलं ना, की ते परत उतरत नाही. काप तो एल्बो. काप म्हणतो ना!

सून: कापते.

अप्पा: आता नव्याचं तोंड तलावाकडे धरून खडूने खूण कर. नळीवर आणि एल्बोवर, दोन्हीकडे. दोन्ही खुणा समोरासमोर येईपर्यंतच फिरवायचं. श्वास रोखू नकोस. सोड. हं, लाव.

सून: लावलं... घातलं... खुणा जुळल्या!

अप्पा: धर! एक... दोन... हात हलवू नकोस... नऊ... दहा... शाबास... एकोणीस... खांदे सैल सोड... अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आता दुसरी बाजू.

सून: अप्पा, तुम्ही खड्ड्याशी उकिडवे बसलायत. दोन महिन्यांत गुडघा वाकला नव्हता तुमचा.

अप्पा: गप्पा नंतर. दुसरी बाजू!

०००

प्लंबर: नमस्कार सर. साहेब म्हणाले सोमवारी सकाळीच या, म्हणून दोन माणसं घेऊन आलोय. पंप काढून... अहो, हा तर चालू आहे! कोणी चालू केला? तळ फुटलेला आहे, सगळं पाणी जाईल. लिहून देतो तुम्हाला.

सून: काल दुपारी बाराला चालू केलाय. जोड वाळायला चोवीस तास दिले होते. भिंतीवरची निळी पट्टी बघा, काल पाणी बरोबर तिथे होतं.

प्लंबर: आजही तिथेच आहे.

सून: नखभर खाली आहे. बादलीतही नखभरच उतरलंय.

प्लंबर: कोणाला बोलावलंत काम करायला?

सून: मीच केलं.

प्लंबर: तुम्ही? बघू, जुना तुकडा ठेवलाय का? ...हं.

सून: काय झालं?

प्लंबर: हा जोड माझाच आहे, ताई. बारा वर्षं झाली. अर्ध्या भागाला सोल्युशन लागलेलंच नाही, दिसतंय ना. संध्याकाळ झाली होती, घाईत उरकलं. आणि त्या दिवशी न तपासताच तळ फुटलाय म्हणून सांगून मोकळा झालो. चुकलंच माझं.

सून: मग आता एक करा. माझ्या नवऱ्याला फोन लावा आणि तुमच्या तोंडाने सांगा, तलाव ठणठणीत आहे म्हणून.

प्लंबर: लावतो. आत्ता लावतो... अहो, सर कुठे निघाले? सर पाण्यात उतरतायत!

सून: अप्पा! कठडा धरा!

अप्पा: धरला होता, आता सोडला. मोज गं, आज माझे हात तू मोज!

सून: सहा... सात... सरळ पडतोय पाय... अकरा, बारा... सोळा! अप्पा, सोळा! पार पलीकडच्या काठाला लागलात!

अप्पा: सोळा लागले? परत येताना चौदा हातांतच येतो. आणि संध्याकाळी सगळ्या पोरांच्या घरी निरोप दे, उद्यापासून क्लास. अरे ए, तू काय काठावर उभा राहून बघतोस? ये आत.

प्लंबर: नको सर. मला पोहता येत नाही.

अप्पा: वीस वर्षं तलावांची कामं करतोस ना?

प्लंबर: रिकामे असतात तेव्हाच उतरतो.

सून: हसू नका अप्पा, बिचारा लाजला.

अप्पा: कोण हसतंय? बूट काढ रे.

प्लंबर: आत्ता? माझी माणसं खोळंबलीत, सर.

अप्पा: त्यांनाही बसू दे. काढ बूट. ये, या पायरीवर बस. आता पाय सोड पाण्यात... सावकाश. मी धरलंय तुला.