चार नंबरचा खोटारडा

(नदीच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राची खोली, दुपारची वेळ. वहिनी इथे आकडे तपासते. तिचा धाकटा दीर नदीतली यंत्रं सांभाळतो. तो नुकताच आत आलाय.)

वहिनी: बसा आधी, भावजी. सहा यंत्रं म्हणतात पाणी ठीक आहे. एकटा चार नंबर म्हणतो नायट्रेट दुप्पट आहे. खोटारडा कोण?

भावजी: चार नंबर. तशी चिठ्ठीच चिकटवलीय मी त्याच्यावर. आज पुन्हा त्याच्या नावाने बोटं का मोडताय?

वहिनी: मोडायची तर माझ्या नावाने मोडायला हवीत. शेजाऱ्यांशी ज्याचं जुळत नाही तो बिघडलेला, हा नियम माझाच. तीन आठवडे त्याचे आकडे गाळतेय मी. आज प्रयोगशाळेतून नमुना तपासून आला. चार नंबर म्हणतो तेच खरं.

भावजी: काहीतरीच काय, वहिनी! सहा यंत्रं एकदम कशी बिघडतील?

वहिनी: एकाच हाताने बिघडली तर? ती सहा तुम्ही एका दिवशी, एकाच बाटलीतल्या ठरावीक नायट्रेटच्या द्रावणाने जुळवलीत. चार नंबर तेव्हा दुरुस्तीला होता. त्याला त्या लोकांनी त्यांच्याकडच्या ताज्या द्रावणाने जुळवलं.

भावजी: माझी बाटलीही सीलबंदच होती.

वहिनी: होती. मग?

भावजी: मग झाकण हरवलं. आठवडाभर फडकं बांधून गाडीत ठेवली. ऊन तर मी म्हणत होतं.

वहिनी: म्हणजे पाणी उडालं, द्रावण दाट झालं. लेबलवर दहा, आत वीस. आणि त्या विसाला दहा म्हणायला तुम्ही यंत्रांना शिकवलंत. तेव्हापासून सगळी निम्मंच सांगतायत.

भावजी: साहेबांच्या कानावर घातलंत?

वहिनी: घातलं. पंपघराला सांगून नळही बंद करवले. तुमचं नाव सांगितलं, माझंही सांगितलं.

भावजी: दादा मला घरात उभं करणार नाही.

वहिनी: ह्यांचं मी बघते. तुम्ही वन्संना फोन लावा. मला धीर होत नाही.

भावजी: ताईला कशाला? बाळाच्या दुधाचं पाणी ती वीस मिनिटं उकळते. घड्याळ लावून.

वहिनी: उकळून नायट्रेट जात नाही हो. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. मोठ्यांचं निभावतं. दोन महिन्यांच्या जिवाचं नाही. लावा ना.

ताई: बोल रे. नळ का बंद केलेत तुम्ही लोकांनी?

भावजी: ताई, बाळाला ते पाणी देऊ नकोस. भरून ठेवलेलंही ओतून टाक.

ताई: अगंबाई. शेजारणी विकतचं आणायच्या, तर मीच त्यांना हसायचे. म्हणायचे, माझा भाऊ तपासतो हे पाणी.

भावजी: बाळ कुठाय?

ताई: झोपलंय. दोन दिवस नुसतं झोपतंय. म्हटलं, शहाणं झालं एकदाचं.

भावजी: त्याला उजेडात आण. ओठ कसे दिसतात बघ.

ताई: थांब हं... जरा जांभळट वाटतायत. गारठलं असेल. दुपटं घालते.

भावजी: दुपटं राहू दे. दवाखान्यात ने, आत्ता. मी येतोच आहे.

ताई: असा काय बोलतोयस? डॉक्टरांना सांगू काय, कशाने झालं म्हणून?

भावजी: पाण्यातलं नायट्रेट म्हण, त्यांना कळेल. आणि ताई, ते माझ्या हातून झालंय.