मुहूर्ताआधी नऊ मिनिटं

– नाय, तसं लिहून मिळणार नाय. बसा, स्टूल घ्या, पण ‘घंटेत बिघाड होता’ असं मी लिहून देणार नाय. मॅनेजरनी तुम्हाला खाली पाठवलं ना – सीतारामला विचारा, पंप आणि आगीचं सगळं तोच बघतो – बघतो, या मुलुंडच्या हॉलवर एकोणीस वर्षं बघतोय, म्हणूनच सांगतो. तुमच्या आई, प्रेमाताई ना? – त्या म्हणतात आमची आगीची घंटा मधेच वाजली, तुमचं लग्न मुहूर्ताच्या नऊ मिनिटं आधी लागलं म्हणून दोन वर्षं तुमचं प्रमोशन अडकलंय, वॉशिंग मशीन तीनदा गळलं, तुमचे केस गेले. असेल. मी बोलणारा कोण? आणि गुरुजी म्हणतात, चूक मशीनची होती असं हॉलच्या कागदावर आणा, मगच परत लग्न लावतो. ठीक आहे, लावा. पण त्या कागदावर नाव माझ्या व्हॉल्व्हचं जाणार ना?

हा बघा तो व्हॉल्व्ह, हा लाल. हात लावा, काय होत नाय. वर छताला फवारे आहेत ना, त्यांच्या पाइपात पाणी कायम भरलेलं. ह्याच्या पोटात एक झडप आहे, ती एरवी गप्प बसलेली असते. आग लागली, एखादा फवारा फुटला, की पाणी धावतं, झडप उचलते आणि थोडं पाणी ह्या बारक्या नळीतून बाहेरच्या भिंतीवरच्या घंटेकडे जातं. पाण्यावरच वाजते, विजेचा काय संबंध नाय. तुम्ही म्हणाल, पंपाने धक्का दिला तर उगाच वाजेल – नाय वाजणार. मग हा मधला डबा कशाला ठेवलाय? धक्क्याचं पाणी ह्यात येतं, खालून निथळून जातं. अर्धं मिनिट सतत पाणी आलं तरच डबा भरतो, तरच घंटा. त्या दिवशी झडप जागची हलली नव्हती, देवेशराव. तिच्यावर कशाला आळ?

मग वाजली कशी? वाजली... वाजवली. हा टेस्टचा कॉक, ही बारकी तोटी. झडपेला वळसा घालून पाणी ह्या मधल्या डब्यातून घंटेकडे. महिन्यातून एकदा उघडायचा असतो – टेस्टिंग होतं म्हणा ना. हां, भर लग्नात टेस्टिंग कोण करतं? कोण नाय करत, बरोबर आहे तुमचं.

आता विषय निघालाच आहे तर – त्या दिवशी बाराच्या सुमाराला मी ह्याच दारात जेवणाचा डबा उघडून बसलेलो, आणि श्रुतिका, तुमच्या मिसेस, शालू सावरत मागच्या जिन्याने एकट्याच खाली आल्या आणि पायरीवर बसल्या. रडत नव्हत्या. म्हणजे रडत होत्या, पण आवाज नव्हता. मी पाणी दिलं. मला म्हणाल्या, “काका, मला फक्त दहा मिनिटं हवी होती.” एवढंच. तेवढ्यात त्यांचे मामा आले आणि घेऊन गेले. मग वर मंगलाष्टकं सुरू झाली, इथपर्यंत ऐकू येतात – आणि मी कॉक उघडला. बंद करायला अर्धं मिनिट होतं माझ्याकडे, हा मधला डबा भरेपर्यंत. नाय केला बंद. म्हटलं, घंटा झाली की चारशे माणसं रस्त्यावर जातील, दहा काय, वीस मिनिटं मिळतील पोरीला. दारादारावर पाटी आहे आमची – घंटा वाजताच बाहेर पडा.

कोण पडलं बाहेर? गुरुजी तिसऱ्या मंगलाष्टकात, आणि घंटा ऐकून लोकांना वाटलं मुहूर्त झाला. एकाने अक्षता टाकल्या, मग चारशेंनी टाकल्या, सनईवाल्याने सनई लावली, अंतरपाट धरणाऱ्यांनी सोडून दिला. लोक पळाले, नाय असं नाय, पण जेवणाच्या हॉलकडे. मी धावत वर गेलो, बाहेर पडा म्हणून ओरडलो, तर एका बाईंनी माझ्या हातात पेढा ठेवला. बारा बाराला लग्न लागलेलं. मुहूर्त बारा एकवीसचा. मी तिला दहा मिनिटं द्यायला गेलो आणि होती त्यातली नऊ काढून घेतली.

कशासाठी हवी होती? मला काय ठाऊक, मी विचारलं नाय, तेवढा वेळच कुठे मिळाला – तुम्ही विचारलं असेल ना, दोन वर्षांत कधीतरी... नाय? तुम्हाला हे माहीतच नव्हतं? बघा, मी बोलायलाच नको होतं, तुम्ही आलात बिघाडाचं विचारायला. घरी बऱ्या आहेत ना त्या? बोलतात, हसतात? मग झालं. काय नसेल, भूक लागली असेल, शालू टोचत असेल. नवरीला काय कमी टोचतं?

आणा तो कागद. लिहितो – व्हॉल्व्हमध्ये बिघाड, झडप अडकली. लिहितो ना, खाली सहीपण करतो – अहो, परत खिशात कशाला घालताय? आईंना काय दाखवणार?

बरं.

त्या कुठे बसल्या होत्या? जिना तो, त्या ड्रमच्या मागे. खालून तिसरी पायरी. बसायचं तर बसा, इकडे कोणी येत नाय. मी दार लावून घेतो.