छप्पर बाकी आहे

समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच क्वेताताई. व्यासपीठावर विराजमान झालेले फादर बार्तोलोमेय. जिल्ह्याच्या गावाहून मुद्दाम आलेले आणि आल्यापासून घड्याळ पाहणारे साहेब. अग्निशमन दलाचे वादक. गाणाऱ्या मंडळातल्या मावश्या. स्वयंपाकघराचं दार किलकिलं करून ऐकणाऱ्या भगिनी. आणि ज्यांच्यासाठी आज यावोरियांका गावात इतक्या जणांनी एकाच दिवशी इस्त्रीचे कपडे घातले, त्या आमच्या मार्गिताबाई.

क्वेताताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. बोलून झालं की जेवण आहे, हे मी विसरलेलो नाही. तुम्हीही विसरू देणार नाही.

आज निवृत्त होणाऱ्या मार्गिताबाई सदतीस वर्षं आपल्या ग्रामकचेरीत जन्म, मृत्यू आणि लग्नाच्या नोंदींच्या टेबलामागे बसल्या. या सभागृहातला कोण त्यांच्या शाईतून गेलेला नाही? माझी दोन्ही लग्नं त्यांनीच नोंदवली. दोन्ही वेळा पेन पुढे करताना त्यांनी हळूच विचारलं, "शिमोन, नक्की ना?" पहिल्या वेळी मी ऐकायला हवं होतं. दुसऱ्या वेळच्या सौभाग्यवती समोर तिसऱ्या रांगेत आहेत, तेव्हा दुसऱ्या वेळेबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता वक्त्याने आपली ओळख करून द्यावी असा रिवाज आहे. मी शिमोन वाल्को. अर्थात गावात दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी वाल्कोलाच लागतो. सहकारी शेती मोडली तेव्हा मी ट्रॅक्टरवरून उतरलो, इंग्लंडात दोन वर्षं हॉटेलातली भांडी घासली, इंग्रजी शिकलो, एक जुनी व्हॅन घेऊन परत आलो आणि बापाच्या घरात चार खोल्यांची खानावळ काढली. तेवढ्यात अमेरिकन येऊ लागले. शंभर वर्षांपूर्वी इथून कोळशाच्या खाणीत गेलेल्यांची नातवंडं, पतवंडं. हातात एक पिवळा फोटो, एक नाव, आणि डोळ्यांत पाणी आधीच तयार. म्हणायचे, "आमचं घर दाखवा."

घर कुठून आणायचं? निम्मं गाव आगीत गेलं, उरलेलं आपणच पाडून सिमेंटचं बांधलं. लाकडी, मोडकं, फोटोत शोभेल असं एकच घर उरलं होतं, सत्तेचाळीस नंबरचं.

सभ्य स्त्रीपुरुषहो, चौदा वर्षांत एकतीस कुटुंबं त्या एका उंबऱ्यावर रडली. प्रत्येकाला मी उंबऱ्याची एक ढलपी काढून द्यायचो. उंबरा चार वेळा बदलावा लागला. सुतार मिखल, खांबामागे लपू नकोस, चारही तूच बसवलेस. आणि मी एकटाच होतो का? क्वेताताईंच्या मातोश्री एकोणीस वेळा दूरच्या आत्या झाल्या, खसखशीची पोळी हातात घेऊन. फादर, तुम्ही योगायोगाने बरोबर त्याच क्षणी घंटा वाजवायचात. हसू नका, देव बघतोय.

मार्गिताबाईंना सगळं ठाऊक होतं. त्याचं असं आहे की आपल्या गावात घरांचे नंबर दोनदा बदलले, एकदा आगीनंतर, एकदा नवा रस्ता झाल्यावर. जुन्या नोंदीत लिहिलेलं घर आज कुठलं, हे कुठल्याही कचेरीत सापडत नाही. बाईंनी सहा वर्षं, दर रविवारी प्रार्थना आटोपली की, म्हाताऱ्यांच्या दारोदार फिरून ते शोधलं आणि शाळकरी वहीत मांडलं. डावीकडे जुना नंबर, उजवीकडे नवा. माझ्या धंद्यात त्या वहीइतकी घातक वस्तू दुसरी नव्हती. मी कुणाही पाहुण्याला तिच्या जवळपास फिरकू दिलं नाही. आणि बाईंचा स्वभाव तुम्ही जाणता. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, विचारल्यावर लपवायचं नाही. रस्त्यात भेटल्या की एवढंच म्हणायच्या, "शिमोन, सत्तेचाळीस नंबरच्या घरात तुझ्या हिशेबाने एकशे दहा पोरं जन्मली. त्या माउलीला जरा उसंत दे रे."

मग गेल्या उन्हाळ्यात आयरीनबाई आल्या. ओहायोच्या. वय एक्याऐंशी, काठी, तांबडी टोपी. आजोबांचं नाव आन्द्रेय वाल्को. म्हटलं, चला, आणखी एक वाल्को. तिकडच्या आपल्या लोकांच्या मंडळाचं पत्रक त्या काढतात, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं ते पत्रक वाचूनच येतात. म्हणून त्यांना माझी सगळ्यात चांगली खोली दिली, तीन नंबरची. दुसऱ्याच दिवशी सकाळी काठी आपटत खाली आल्या.

"गादी दगडाची आहे. आणि छपरातून माझ्या उशीवर पाणी गळतं."

मी म्हटलं, "बाई, छपराचं काम काढलेलंच आहे. थोडंसं बाकी आहे."

त्या हसू लागल्या. खुर्चीवर बसून, टोपी काढून, डोळे पुसत हसल्या. मला वाटलं, वय झालं.

त्यांना सत्तेचाळीस नंबरला नेलं. आत्याबाई पोळी घेऊन आल्या, घंटा वाजली. आयरीनबाई रडेनात. खिडकीपाशी गेल्या, बाहेर वाकून पाहिलं.

"आजोबा दाढी करताना या खिडकीतून चर्चचा मनोरा बघायचे. मला तर डुकरं दिसताहेत."

"झाडं वाढली, बाई."

"डुकरं झाडामागे नाहीत, समोर आहेत. नोंदी कुठे असतात इथे?"

झालं. अर्ध्या तासात आम्ही मार्गिताबाईंच्या टेबलासमोर. आयरीनबाईंना आपली भाषा येत नाही, मार्गिताबाईंना इंग्रजी येत नाही. मधला पूल मी. आता तुम्हीच सांगा, अशा पुलावर कोण भरवसा ठेवेल?

बाईंनी मोठं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "आन्द्रेय वाल्को. घर नंबर एकोणीस." मग खणातून ती वही काढली. डावीकडे एकोणीस. उजवीकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"शिमोन, आजचा नंबर एकशे बारा."

एकशे बारा कुणाचा, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. दारावर माझ्याच खानावळीची पाटी आहे.

"सांग तिला," बाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात एकच चाललेलं. हे पत्रकात छापून आलं तर खानावळ संपली. आणि माझे आजोबा तर मरेपर्यंत सांगत होते, हे घर आमच्या बापाने स्वतःच्या घामाने बांधलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मला इंग्रजी येत नाही. पण चौदा वर्षं खिडकीतून तुला पाहुण्यांशी बोलताना ऐकते आहे. थाप मारतोस तेव्हा तुझं वाक्य लांबतं. तू बोल. मी शब्द मोजते."

आणि खरंच, टेबलावर बोटं ठेवली हो.

मी आयरीनबाईंना म्हटलं, "ते घर माझं आहे." चारच शब्द. बाईंनी चार बोटं मिटली आणि मान डोलावली.

आयरीनबाईंनी काठी टेबलाला टेकवली. मग म्हणाल्या, "म्हणजे ती गादीसुद्धा आमचीच?"

मग त्यांनी सांगितलं. आन्द्रेय आणि युराय, दोघे भाऊ. युराय म्हणजे माझे पणजोबा. जुन्या घराच्या जागी नवं बांधायला आन्द्रेय खाणीतून पैसे धाडत राहिला, आणि त्याने परतायचा विषय काढला की युरायचं पत्र जायचं, "भिंती झाल्या, फक्त छप्पर बाकी आहे. तेवढं झालं की ये." असं अकरा वर्षं चाललं. बाराव्या वर्षी आन्द्रेयने पत्रं लिहायची सोडली. आयरीनबाईंच्या घरी आजतागायत कुणी काम रेंगाळवलं की म्हणतात, छप्पर बाकी आहे वाटतं.

आता कळलं त्या का हसल्या ते? आणि माझे आजोबा कशाचा तोरा मिरवायचे, माहीत आहे? गावातलं पहिलं पत्र्याचं छप्पर आमचं, बांधलं त्याच वर्षी चढवलेलं.

त्या दिवशी मी माझ्या स्वतःच्या उंबऱ्याला पटाशी लावली आणि एक ढलपी काढून त्यांना दिली. पहिली खरी ढलपी. तो खड्डा मी बुजवलेला नाही. येणारा जाणारा ठेचकाळतो, आमच्या सौभाग्यवती हान्का रोज शिव्या घालतात, त्या मी ऐकून घेतो.

आयरीनबाईंनी पत्रकात सगळं छापलं, गादीसकट. निम्मी गिऱ्हाइकं गेली. मग मी आणि मार्गिताबाई बसलो, आणि एकतीसही कुटुंबांची घरं वहीत शोधली. अकरा सापडली. त्यातल्या एका जागी आता बसथांबा आहे. मी कळवलं तर ते कुटुंब पुन्हा आलं आणि बसथांब्यावर रडलं. खरं सांगतो, सत्तेचाळीस नंबरला रडलं होतं त्याहून जास्त रडलं. मधे बस आली, ड्रायव्हरही थांबून राहिला.

पुढच्या महिन्यापासून आपल्या नोंदी जिल्ह्याला जाणार. साहेब म्हणाले, संगणकात त्या वहीसाठी रकाना नाही. त्यांचं बरोबर आहे, दर रविवारी सहा वर्षं चालणाऱ्या बाईसाठी रकाना कोण करणार? परवा मार्गिताबाईंनी ती वही माझ्या हातात ठेवली. चोराच्या हाती किल्ल्या. मी म्हटलं, "बाई, मला? गावात दुसरं कुणी नाही?"

म्हणाल्या, "तुला कुठे काय लपलंय ते बरोबर ठाऊक असतं. आणि तुझ्यावर लक्ष ठेवायला मला सोपं. मी समोरच राहते."

या वसंतात मी छप्पर नवं केलं. मग ओहायोला पत्र लिहिलं. पणजोबांनी लिहायला हवं होतं तेवढंच लिहिलं, "छप्पर झालं. ये." आठ दिवसांत उत्तर आलं, "मे महिन्यात येते. गादी बदल." ती मी कालच बदलली.

असो. अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, स्वयंपाकघराने कोबीचे रोल गरम ठेवले, सगळ्यांचे उपकार. बोलताना कुणाची आत्या, कुणाची घंटा, कुणाचा उंबरा निघाला असेल तर पोटात घाला. जेवणाला पोटात जागा ठेवून घाला. पाच मिनिटांची पंधरा झाली, आणि माझं बोलणं लांबलं की त्याचा अर्थ काय होतो हे आता तुम्हा सर्वांना कळलं आहे. म्हणून, मार्गिताबाई, शेवटचं वाक्य मोजून घ्या.

आम्हाला तुमची आठवण येईल.