हासोरच्या राजाचं नाव

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते प्रोफेसर गदाल्या रोसिन, आणि हासोरच्या टेकडीवर माझ्यासोबत माती उपसलेल्या मंडळींनो,

मी मख्लूफ वाक्निन. उत्खननावरचा मुकादम, आणि प्रोफेसरांचा व्याही. नातू जन्मल्यापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, हे गावभर झालंय, मग झाकून काय उपयोग? तरी अध्यक्षांनी माझ्या हाती माइक दिला. धन्य आहे त्यांची!

उद्या सकाळी बाळाची सुंता, तेव्हाच नाव जाहीर व्हायचं. आम्हा मोरोक्कोच्या यहुद्यांत पहिल्या नातवाला आजोबाचं नाव देतात, आजोबा हयात असतानाच. केवढा मान! प्रोफेसरांच्या पोलंडच्या घराण्यात मात्र जिवंत माणसाचं नाव बाळाला देणं म्हणजे मृत्यूच्या दूताला घरचा पत्ता देणं. त्यांनी लेकीला निक्षून सांगितलं, "मख्लूफ नको." मला वाटलं, आमचं नाव यांना गावंढळ वाटतं. माझं डोकंच फिरलं.

मग सूनबाई म्हणाली, "भांडू नका. यावीन ठेवतो."

यावीन! हासोरचा कनानी राजा! मी ओरडलो, "अगं, नऊशे लोखंडी रथ घेऊन आपल्या पूर्वजांना छळलं त्यानं! पुढच्याचं नाव फारो ठेव!" आणि सांगून टाकलं, मी सुंतेला येणार नाही.

आता या नावाचं सांगतो. एकदा जळक्या मातीच्या थरात उभं राहून मी यांना विचारलं होतं, "प्रोफेसर, यावीन म्हणजे काय हो?"

"हिब्रूत अर्थ होतो, त्याला समजेल."

"गाव जळून खाक झालं! आता कधी समजणार?"

हे पोट धरून हसले. मग म्हणाले, "हे गाव जाळणाऱ्या यहोशवानं मारला तोही यावीन, पुढं कितीतरी वर्षांनी दबोराच्या काळात आपल्या लोकांना छळत होता तोही यावीन. बापामागून लेक हेच नाव लावत असतील. प्रत्येक बापाला वाटत असेल, मला नाही, निदान याला तरी समजेल."

आज दुपारी विहीणबाई घरी आल्या. मी तोंड फिरवून बसलो. त्या म्हणाल्या, "मख्लूफभाऊ, गेल्या उन्हाळ्यात तुम्ही छाती धरून खड्ड्यात कोसळलात ना, तेव्हापासून यांना धड झोप नाही. बाळाला तुमचं नाव दिलं आणि तुम्हाला काही झालं तर, ही धास्ती. आणि सुंतेच्या वेळी बाळाला मांडीवर घ्यायचा मान यांचा, पण तुम्ही येणार नसाल तर हेही घेणार नाहीत."

ऐकलंत? जन्मभर ताईत-गंड्यांना हसणारा माणूस माझ्या जिवासाठी घाबरला. आणि मी मूर्ख त्याला गर्व समजून बसलो!

प्रोफेसर, खाली बघू नका. उद्या बाळ तुमच्या मांडीवर, मी शेजारी उभा. नाव यावीन. येणार ना? नुसती मान हलवू नका, तोंडानं बोला.

..."येतो" म्हणाले! सगळ्यांनी ऐकलंत ना?

अध्यक्षांचे आभार, आपणा सर्वांचे आभार. बोलताना तोल गेला असेल तर पोटात घाला. आम्हा दोन म्हाताऱ्यांना उशिरा समजतं.