दोन बोटं सैल

नाही, पण मला सांगा, माणसाने मधे असणं हा काय गुन्हा आहे का? वर्गात मी मधल्या बाकावर, घरात टीव्ही बघताना आई आणि बाबांच्या मधे, त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार आली नाही. पण सायकल घ्यायला गेले आणि तुम्हाला सांगते, अख्खं दुकान माझ्याभोवती गोळा होऊन हळहळलं, "अरेरे... मधे आहे ना ती!"

झालं काय, रविवारी शाळेच्या सायकल संघाची निवड होती. वर्षभर मी मैत्रिणीची रेसची सायकल मागून मागून सराव केला, आणि आता निवडीला तिची तिला लागणार होती. रास्तच आहे. म्हणून मग आम्ही दुकानात गेलो. आम्ही म्हणजे मी, आई, बाबा आणि शेजारचे काका. काका कशाला? तर त्यांनी तरुणपणी सायकल चालवली होती म्हणून.

दुकानात भिंतीवर एक तक्ता होता. अमुक उंची, तमुक पाय, म्हणून ही सायकल. उंची दुकानदाराने दारापाशी उभं करून मोजली. तक्ता म्हणाला, छोटी घ्या. मग पायाचं माप घ्यायला तो टेप घेऊन पुढे आला, मी मागे सरकले, तो पुढे, मी मागे, आणि माझ्या मागे बारा सायकली एकीला एक टेकून उभ्या... तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा! तिची मापं माझ्याकडे आहेत."

आई शिवणकाम करते. गल्लीतल्या सगळ्यांची मापं तिला तोंडपाठ आहेत. रस्त्यात कुणी भेटलं तर नाव आठवायच्या आधी तिला त्यांची कंबर आठवते. तिने माझ्या पायाचं माप घडाघडा सांगितलं, दुकानदाराने तक्त्यावर बोट फिरवलं, आणि तक्ता म्हणाला, मोठी घ्या! उंचीने छोटी, पायाने मोठी.

"मुलींचं असं होतं हो ताई," दुकानदार म्हणाला. "पाय लांब, पाठ आखूड. मोठी घेतली तर सीट बरोबर येते, हँडल लांब जातं. छोटी घेतली तर हँडल जवळ येतं, पण सीट..."

"पण सीट काय?"

"आता काय सांगू? मधे आहे ना ती!"

बाबा तोवर मोबाइलमध्ये शिरले होते. "हे बघ, एक जण म्हणतोय अशा वेळी छोटी घ्या. दुसरा म्हणतोय मोठी घ्या. तिसरा म्हणतोय ते दोघेही मूर्ख आहेत." आणि बाबा खूप समाधानाने पुढे वाचू लागले.

काका म्हणाले, "आमच्या वेळी साइझ नव्हता. सायकल होती." एवढंच. याच्यासाठी त्यांना आणलं होतं.

मग मला दोन्हींवर बसवलं. छोटीवर बसले, तर हात आपोआप ब्रेकवर गेले, मान वर राहिली, समोरचा रस्ता दिसला. काही विचारच करावा लागला नाही. मोठीवर बसले... कपाटाखाली गेलेला चेंडू काढताना माणूस कसा दिसतो? तशी. खाली उतरले तर दांडी मला अशा ठिकाणी लागली की मी ते चारचौघांत सांगू शकत नाही, आणि तिथे नेमके चारचौघं होते.

"कसं वाटतंय?" दुकानदाराने विचारलं. मला! पहिल्यांदाच!

मी धीर करून म्हटलं, "छोटी बरी वाटते."

"आज बरी वाटते," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी काय करशील? मोठीच द्या हो. वाढतं अंग आहे."

वाढतं अंग! पाचवीत तिने शिवलेला गणवेश मला नववीत नीट बसायला लागलाय! पण आमच्या घरात मापाच्या बाबतीत आईचा शब्द शेवटचा. मोठी आली.

शनिवारी आईने हौसेने मला सायकलिंगची तंग पँट शिवली. घातली, तर तंग कुठली? गुडघ्यावर संपायची ती खाली पोटरीवर लोंबत होती.

"आई, ही लांब झालीय."

"होऊ दे. कापड आटतं. मी प्रत्येक मापात दोन बोटं सैलच धरते."

"प्रत्येक मापात?"

"प्रत्येक."

"तू दुकानात सांगितलेल्या मापात पण?"

मशीन थांबलं. आई खिडकीबाहेर बघायला लागली. मी गेले, पाय अनवाणी, पाठ भिंतीला, दोन पायांच्या मधे वरपर्यंत एक जाड पुस्तक धरून स्वतः पायाचं माप घेतलं. बरोबर दोन बोटं कमी. म्हणजे तुम्हाला सांगते, मी मधे नव्हतेच! मी छोटीच होते! सायकल काय आटणार होती का धुतल्यावर?

धावत दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, बदलून दिली असती हो, पण छोटी सकाळीच गेली, नवी यायला महिना लागेल. मग त्याने सीट पुढे सरकवली, हँडलचा पुढचा तुकडा काढून आखूड बसवला, मागे होऊन माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आता... मधे आलं बघा."

रविवारी मी तशीच गेले. चढावर चांगली गेले, खोटं नाही सांगत. उतारावर ब्रेक शोधण्यात माझा थोडा वेळ गेला. शेवटी क्रीडाशिक्षिकाबाई यादी घेऊन आल्या. मोठ्या गटातल्या मुली निवडल्या, छोट्या गटातल्या निवडल्या, आणि माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, संपलं.

"तुझं काय करू गं?" बाई म्हणाल्या. "छोट्या गटासाठी तू फार जोरात जातेस, मोठ्यासाठी जरा कमी पडतेस. तू ना, अगदी..."

म्हटलं, "माहीत आहे, बाई."

बाईंनी काही ठरवण्याआधीच आई कुंपणापलीकडून ओरडली, "मोठ्यातच घाला हो! वाढेल ती!"

...घातलं. जर्सीसुद्धा मोठीच मिळाली. आई म्हणते, आटेल.