मनगटानं चालणारा नळ

नगरला हाडांच्या दवाखान्यात माझा नंबर अजून लांब होता. शेजारच्या बाकावर पाथर्डीकडच्या, एकमेकींच्या ओळखीच्या दोन बायका अचानक भेटल्या होत्या. तरुण होती तिची सासू आत एक्स-रे काढायला गेली होती.

"काय गं रेश्मा, छबूबाई पडल्या का काय?"

"न्हाई वो काकू. आमच्या ह्यांनी सैपाकघरात नवा नळ बसवलाय. पिळायचं कामच न्हाई. नुसतं मनगट लावलं की पानी येतं, परत लावलं की बंद. खाली सेल घातल्यात त्याला."

"पिठाच्या हाताला बरं की."

"व्हय. पन तवापासून आत्याबाईंच्या हातून नळ एकदाबी गळता ऱ्हायला न्हाई."

"मग चांगलंच झालं!"

"काकू, आठ वर्षं मी त्यांना बोलत हुते. पानी टँकरचं, अन् तुमाला साधा नळ बंद करता येत न्हाई का म्हनून. पावन्यांसमोरबी बोलले. परवा त्या मनगटानं नळ बंद करत हुत्या, तवा त्यांची बोटं बघितली. वाकडी झाल्यात. मूठच वळत न्हाई."

"कधी सांगितलं न्हाई त्यांनी?"

"तेच इचारलं मी. म्हनल्या, तू आधीच चिडलेली असायचीस."

काकू बाकावर तिच्याजवळ सरकल्या.

"कुटं तोंड लपवू असं झालंय मला."

तेवढ्यात छबूबाई पदर सावरत बाहेर आल्या.

"रेश्मा, डाक्टर म्हनत हुते, लई आधी आनायला पायजे हुतं. मी सांगितलं, सून कवाची मागं लागली हुती, मीच येत नव्हते."